केवळ दृष्टीस सुखद

४ जानेवारी

आईस,

नमस्कार. रागातला आहे, पण तुझ्यावरचा नाही, तेव्हा ठेवून घे.

काल इथल्या मोठ्या दवाखान्यासमोरच्या दुकानात तुझी काठी पाहिली. काचेमागे ओळीने टांगलेल्या, एकीसारखी एक. अंगठा बसायचा तोच खळगा आणि पुढे तोच फुगवटा. मी आत गेले आणि एक हातात घेतली. दुकानदार म्हणाला, “घ्या ताई, नवीन डिझाइन आहे. वळण बघा किती सुरेख.” मी विचारलं, हा फुगवटा इथे कशाला? म्हणाला, “शोभेला.”

शोभेला! आई, तुझी दोन बोटं तिथे नाहीत म्हणून तो फुगवटा आहे. त्या रिकाम्या जागेत काठी फिरायची, तू दोनदा पडलीस, म्हणून मी तुझा हात ओल्या मातीत दाबून ठसा घेतला. “गार लागतंय, आटप लवकर,” म्हणून तू ओरडत होतीस. आठवतंय ना? दादा तेव्हा दारात उभा राहून म्हणाला होता, “एका म्हातारीसाठी किती हा खटाटोप!”

काठीला चिठ्ठी होती: ‘नोंदणीकृत डिझाइन’, खाली क्रमांक. आज साहेबांकडे अर्धी रजा टाकून नोंदणी कार्यालयात गेले. तिथलं दप्तर कुणालाही बघता येतं. त्या क्रमांकापुढे दादाचं नाव आहे. मुठीचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, खाली त्याची सही. मालकही तोच आणि कर्ताही तोच. ज्याला साधी कानस सरळ धरता येत नाही, तो कर्ता!

मी कारखाना सोडला तेव्हा तो काय म्हणाला होता ते मी विसरलेले नाही. “साचे काय, कुणीही कोरतं.” बरं तर. आता बघच. बाबांच्या कारखान्याच्या दारात त्याला खाली मान घालून उभा केला नाही, तर तू दिलेलं नाव मी लावणार नाही.

तुझी,
ठिणगी


११ जानेवारी

ठिणगी,

अनेक आशीर्वाद. अक्षर लागत नसेल तर परत पाठव, पुन्हा लिहीन. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत पेन धरून आणखी काय होणार.

तुझं पत्र सुनेने आणून दिलं. मी तिच्यासमोर फोडलं नाही, तू काय लिहितेस याचा नेम नसतो. बरं झालं फोडलं नाही. अगं, सख्ख्या भावाबद्दल असं लिहितात? तुझ्या नाकावर राग असतो, तो लहानपणापासूनचा. पण आता तू काही लहान नाहीस. बुटांचे लाकडी साचे करणाऱ्या एवढ्या मोठ्या कारखान्यात तुला मान आहे. मग जुनं उकरून कशाला काढायचं?

मी थोरल्याला विचारलं. जेवत होता. म्हणाला, “आई, ते नुसतं कागदाचं काम आहे. कुणीतरी नाव घालावं लागतं.” मग म्हणाला की ठिणगी तेव्हा कारखान्यात कामाला होती, तेव्हा तिने केलेलं कारखान्याचंच. मी म्हटलं, ते तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून केलं, मीच तिला भुसा झाडायला लावला होता. तर हात धुवायला उठून गेला. वाईट नाही गं तो. कारखाना डोक्यावर आहे. आपल्या छत्र्यांच्या मुठींना आता कुणी विचारत नाही.

काठी मात्र तुझी खरंच गुणाची आहे. रोज तिच्याच जोरावर बाजारात जाते, वाचनालयात जाते. बसथांब्यावर लोक हातात घेऊन बघतात. झाकणांच्या कारखान्यातली माझी जोडीदारीण भेटली होती, ती तर सोडेना. तिचीही तीच दोन बोटं गेलीत. पत्रा कापणाऱ्या त्या प्रेसने आम्हा बायकांची ठरवून तीच बोटं नेली.

तेव्हा भांडण घरातच मिटव. चव्हाट्यावर आणू नकोस.

आई


१९ जानेवारी

आईस,

“वाईट नाही गं तो.” हे वाक्य तू आयुष्यभर म्हणत आलीस. सोबत एक कागद पाठवते आहे. तो वाच आणि मग परत म्हण.

अर्ज करताना दादाने जे निवेदन दिलं, त्याची ही नक्कल आहे. खूण केलेली ओळ इथेही लिहिते, म्हणजे चुकायला नको: ‘मुठीवरील फुगवटा व खळगा यांना वापराच्या दृष्टीने कोणतेही प्रयोजन नाही. ते केवळ दृष्टीस सुखद वाटावेत यासाठी आहेत.’

हे असं का लिहिलं, ते वकीलबाईंनी मला समजावलं. (हो, मी वकील केली आहे. रागावून घे.) त्या कार्यालयात वस्तूच्या रूपाची नोंद होते, उपयोगाची नाही. डोळ्यांना जे भावतं तेवढंच ते राखतात. एखादा आकार केवळ कामाच्या गरजेतून तसा झाला असेल, तर त्याची नोंदणी ते करत नाहीत. म्हणून दादाने लिहून दिलं की गरज वगैरे काही नव्हतीच. प्रयोजन नाही! तुझा हात त्याने एका ओळीत पुसून टाकला, आई. त्याला त्या हाताची गोष्ट माहीत नाही असं नाही. आपल्या सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत आहे.

आता सांग, घरात मिटवू?

ठिणगी


२० फेब्रुवारी

ठिणगी,

उत्तराला उशीर झाला. कागद घेऊन बसले होते. एकदा मी वाचला, एकदा सुनेकडून वाचून घेतला. वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. ती वाचता वाचता मधेच गॅस बंद करायचा आहे म्हणून निघून गेली.

ज्या दिवशी प्रेसखाली हात गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्याची तंत्रशाळेची परीक्षा सुरू होणार होती. मी पट्टी बांधून घरी आले आणि हात पदराखाली ठेवला. डाव्या हाताने त्याला वाढलं. तो परीक्षा देऊन आला, तेव्हा पट्टी सोडली. तो रडला होता. माझा हात धरून म्हणाला होता, “आई, मी विसरणार नाही.” त्याला मी कधी त्याची आठवण करून दिली नाही. मुलांना असलं काही बोलून दाखवू नये असं मला वाटायचं.

कोणतेही प्रयोजन नाही म्हणे.

काल तो कारखान्यातून आला आणि नेहमीसारखा “काय म्हातारे, कशी आहेस” म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तरी ओलांडल्यावर इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं खरं सांगायचं तर. गुडघेसुद्धा कमी दुखले.

काय करायचं ते सांग. त्याला चांगली अद्दल घडवायची आहे. मधे कच खाऊ नकोस, मी खाणार नाही.

आई


२६ फेब्रुवारी

माझी आई!

पत्र वाचून मी कारखान्यात सगळ्यांसमोर टाळी वाजवली. शेजारच्यांना वाटलं मला बढती मिळाली.

आता बेत ऐक. नोंदणी रद्द करून आपल्याला काय मिळणार? रद्द करायचीच नाही. त्यातलं दादाचं नाव काढून तिथे माझं घालायचं. तसा अर्ज मी केला आहे. एकदा नाव माझं झालं की त्याला एकही काठी माझ्या परवानगीशिवाय करता येणार नाही. साचे बनवून ठेवलेत, दुकानांना शब्द दिलेत, आणि परवानगी कुणाकडे मागायची? ‘कुणीही कोरतं’ त्या साचेवालीकडे! तो माझ्या दारात येईल. मी त्याला बाहेर स्टुलावर बसवीन, आत नाही. आधी हातातलं काम संपवीन. कानस शांतपणे पुसून जागेवर ठेवीन. मग विचारीन, “बोला, काय प्रयोजन?”

तुझं काम एवढंच. सोबतच्या जबाबावर सही कर. मूठ मी केली हे त्यात आहे, आणि दादाच्या अर्जाच्या तारखेआधी ती घराबाहेर कुणाच्या पाहण्यात आली नव्हती हे आहे. बाकी मजकूर नेहमीचा असतो, वाचत बसू नकोस, डोळे दुखतील.

ठिणगी


८ मार्च

ठिणगी,

जबाब मिळाला. डोळे दुखले तरी वाचला.

एक गंमत सांगते. परवा थोरला माझ्या खोलीत आला. नव्या चपला आणल्या होत्या, मऊ, पाठीमागे पट्टा असलेल्या. स्वतः खाली बसून पायात घालून बघितल्या. शेवटचं कुणी कधी माझ्या पायाशी बसलं होतं ते मला आठवत नाही. चपला घालून झाल्यावर त्यानेही एक कागद काढला. “नुसती सही कर आई, नेहमीचा मजकूर आहे.” त्यातही तेच, मूठ आधी घराबाहेर कुणी पाहिली नव्हती म्हणून. फक्त करणारा तो, तू नाहीस. मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये, ठेवून जा. चष्मा डोळ्यांवरच होता. त्याच्या लक्षात आलं नाही.

हे घराबाहेरचं काय प्रकरण आहे गं? बाहेर कुणी पाहिली असती तर काय बिघडलं असतं? नीट उलगडून सांग, म्हणजे सुनावणीत कुणी विचारलं तर मी गडबडायला नको. मी स्वतःच येणार आहे. कागदावर सही करण्यापेक्षा तोंडाने बोललेलं बरं.

आणि थोरल्याचं निवेदन पाठवलंस तसं तुझंही पाठव. बघू दे माझ्या मुलीने काय लिहिलंय.

आई


१३ मार्च

आईस,

दोन्हीकडे सही केली नाहीस, ठीक आहे. त्याच्या कागदावर करू नकोस म्हणजे झालं. चपला मात्र वापर, त्यात काही दोष नाही.

तुझा प्रश्न साधा आहे. नोंदणी होण्यासाठी डिझाइन नवीन लागतं. अर्जाच्या आधी ते चार लोकांत उघड झालेलं असेल, तर ते नवीन राहत नाही. आणि नवीन नसेल तर ते कुणाच्याच नावावर राहू शकत नाही, दादाच्याही नाही आणि माझ्याही नाही. मग कुणीही उठावं आणि करावं. म्हणून ते एक वाक्य जपायचं. घरात तू वापरून बघत होतीस, ते चालतं. तू थोडीबहुत बाहेर गेली असशील, पण म्हाताऱ्या बाईच्या हातातली काठी कोण निरखून बघतं? कुणी विचारलं तर आठवत नाही म्हण. या वयात ते शोभतं.

पण तू यायची काहीच गरज नाही. लांबचा प्रवास, वर लाकडी जिने. सही पाठवलीस तरी पुरे. आणि माझं निवेदन काय वाचायचंय त्यात? वकिली भाषेत कंटाळवाणं लिहिलेलं असतं, मीसुद्धा अर्धंच वाचलं. सगळं झालं की आपण दोघी बसून वाचू आणि हसू.

दादाच्या तोंडचं पाणी पळालंय असं कळलं. दुकानदारांनी पुढचा माल थांबवलाय. थोडी कळ काढ, आई. आता फार दिवस नाहीत.

ठिणगी


१७ एप्रिल

आई,

तू हे काय केलंस?

चार ओळींत लिहिणार होते, पण हात थांबत नाही. सुनावणीच्या खोलीत तू आलीस, तेव्हा मला वाटलं आता दादा संपला. त्यालाही वाटलं असेल की ठिणगी संपली, कारण तो उठून तुला खुर्ची द्यायला धावला. तू त्या खुर्चीवर बसली नाहीस. माझ्या शेजारच्याही नाही. तुझ्यामागून झाकणांच्या कारखान्यातल्या तुझ्या मैत्रिणी आल्या आणि तू त्यांच्यात जाऊन बसलीस.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “ही मूठ कुणी केली?” तू म्हणालीस, “माझ्या मुलीने.” मी वकीलबाईंचा हात दाबला. मग त्यांनी विचारलं, “अर्जाच्या आधी ती बाहेर कुणी पाहिली होती का?” आठवत नाही म्हण, एवढंच तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, “साहेब, या दोघांच्या कागदांवर मी घराबाहेर पडलेच नाही. मग घरात भाजी कोण आणत होतं, ते विचारा त्यांना.” सगळी खोली हसली. शिपाईसुद्धा हसला. मग भाजीवालीपासून वाचनालयाच्या बाईपर्यंत तू नावनिशीवार सांगत सुटलीस. वाचनालयाच्या वार्षिक अंकातला तुझा तो फोटो! काठी पुढे धरून, मूठ अगदी स्पष्ट. अंकावर तारीख, अर्जाच्या आधीची. तो फोटो आहे हे तू मला एका शब्दाने सांगितलं नव्हतंस.

तेवढ्यावर तरी थांबायचं. साहेब म्हणाले, “आजी, मूठ दिसते मात्र सुंदर.” तर तू उजवा हात त्यांच्या टेबलावर ठेवलास. बोटं नसलेली बाजू वर करून. शेजारी काठी ठेवलीस आणि म्हणालीस, “आता बघा, कशासाठी आहे ती.” तुझ्यामागच्या त्या बायकाही उठल्या आणि त्यांनीही हात ठेवले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. दादा भिंतीकडे बघत होता. मी कुठे बघत होते मला माहीत नाही.

आज निकाल आला. दादाची नोंदणी रद्द. माझा अर्ज फेटाळला. मूठ कुणाचीच नाही. निकालाची वाटही न बघता कालपासून इथल्या पदपथावरही तशा काठ्या दिसायला लागल्या आहेत, प्लास्टिकच्या, भडक लाल. माझं काम, आई! माझ्या हातचं काम. तुझा राग दादावर होता. मी तुझ्या बाजूची होते. मग मला का बुडवलंस?

ठिणगी


३० एप्रिल

ठिणगी,

तू माझ्या बाजूची होतीस असं लिहिलं आहेस, म्हणून उत्तर देते. नाहीतर देणार नव्हते.

थोरला चपला घेऊन आला, त्या दिवशी सहीच्या कागदाबरोबर त्याने आणखी एक कागद माझ्यापुढे ठेवला. “बघ, तुझ्या लाडकीने काय लिहून दिलंय.” तू त्याचं निवेदन मला पाठवलं होतंस, तसंच त्याने तुझं आणलं. दोघंही एकाच आईची, डोकं सारखंच चालणार. त्यात लिहिलं होतं, ‘मुठीवरील फुगवटा व खळगा यांना वापराच्या दृष्टीने कोणतेही प्रयोजन नाही.’ काना-मात्रेचाही फरक नव्हता. खाली तुझी सही. तुझी सही मी ओळखते, शेवटची रेघ तू अशी ओढतेस की कागद फाटतो.

थोरल्याने लिहिलं तेव्हा मला वाटलं, तो विसरला. तुझं काय? तू तर हातात हात घेऊन ठसा घेतला होतास. एकेका खुंटावरून बोट फिरवून विचारलं होतंस, इथे टेकू हवा का, इथे हवा का. आणि मग लिहून दिलंस की ते दिसायला छान म्हणून केलं. त्याचं वाक्य वाचून तुझं रक्त उसळलं ना? त्याच पेनाने, त्याच महिन्यात तू तेच लिहीत होतीस. आणि मला म्हणालीस, वाचत बसू नकोस.

मी तुझ्याकडे तुझं निवेदन मागितलं, तेव्हा ते माझ्या उशीखाली होतं. तू पाठवतेस का, एवढंच बघायचं होतं. पाठवलं असतंस आणि दोन शब्द लिहिले असतेस, आई, मला असं लिहावं लागलं म्हणून, तर मी बहुतेक तुझ्यासाठी खोटं बोलले असते. आईच आहे शेवटी. पण तू कंटाळवाणी भाषा म्हणालीस. आणि त्याच पत्रात, काय केलं म्हणजे ती मूठ दोघांच्याही हातून जाईल, ते मला नीट समजावून सांगितलंस. तुझ्या वकीलबाईंनीही इतकं सोपं सांगितलं नसतं.

इथलं विचारशील तर थोरला माझ्याशी बोलत नाही. घरात छान शांतता आहे. सून आधी घाबरून होती, आता मला चहा जरा जास्तच देते. समोरचा लाकूड कातणारा माझी काठी घेऊन गेला आणि तशाच मुठी करतोय. माझ्या मैत्रिणींनी नेल्या, त्यांच्या ओळखीच्यांनी नेल्या. जिथे जिथे तसले प्रेस होते, तिथे असल्या हातांना तोटा नाही. पण मी हे त्यांच्यासाठी केलं असा गोड समज करून घेऊ नकोस. मी ते तुम्हा दोघांसाठी केलं. ठरवून, दिवस बघून, नवी साडी नेसून केलं. त्या बायकांचं भलं झालं ते आपसूक. आणि मला एक दिवसही त्याचं वाईट वाटलेलं नाही. रात्री झोप गाढ लागते.

भेटायला येऊ का म्हणून विचारशील, तर आत्ता नको. राग जाईल कधीतरी. मला घाई नाही.

एक राहिलं. सुनावणी झाल्यावर मी जिना उतरत होते. तुम्ही दोघं आपापल्या वकिलांशी बोलत होता. ते साहेब मागून आले आणि त्यांनी माझा हात धरला. तोच हात. खाली येईपर्यंत सोडला नाही. मग विचारलं, “आजी, हा दुखतो का अजून?” दोन निवेदनं, दोन जबाब, एवढी पत्रं झाली, सगळी याच हाताबद्दल, पण हे विचारणारे ते पहिले. मी त्यांना खरं काय ते सांगितलं.

काय सांगितलं ते तुला कळवायची मला गरज वाटत नाही.

आई